मागून आलेलं ‘ये’

१

आमच्याकडे घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत. बाई असो की गडी, वऱ्हाडात सारेच ‘येतो’ म्हणतात. दोन घरं पलीकडे हळदीकुंकवाला निघालं तरी उंबऱ्यावर थांबून ‘येतो बरं’ म्हणायचं, आणि आत जे कोणी असेल त्यानं ‘ये’ म्हणायचं. म्हणणारा पेपर वाचत असतो, मान वर करत नाही. ऐकणारी चपलेत पाय घालत असते. ते ‘ये’ कानात शिरतं पण ऐकू येत नाही, इतकं ते रोजचं आहे. मी तर तुळशीलाही ‘येतो’ म्हणून निघते, बालाजीच्या देवळातून निघतानाही. तिथं उत्तर येत नाही. ते आपलं आपणच मनात म्हणून घ्यायचं.

हे आधी सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं या एका शब्दापासून सुरू झालं.

माझी मुलगी वैभवी लोकांना पक्षी दाखवते. हाच तिचा धंदा. शाळेत असल्यापासून ती एकबुर्जीच्या धरणावर जाऊन बसायची. हिवाळ्यात तिथं बदकं उतरतात. तिचे वडील म्हणायचे, “वाशीमात बदकं पाहायले कोण येते? फार्मसी कर.” पण पोरीचा कान वेगळाच. कुकरची शिट्टी झाली की ती खोलीतून ओरडायची, “आई, आपला नाही, हेमलाकाकूचा हाय.” गच्चीवर मी कपडे वाळत घालत असले की खालून सांगायची, “तुह्या मागं शिंपी बसला.” मी वळून पाहावं तर तेवढासा शिंपी पक्षी तारेवर. न पाहता सांगायची ती. मी शेजारणींना कौतुकानं सांगायचे, आणि त्या म्हणायच्या, “लग्नाचं पाहा आता.”

कॉलेजात तिला मंगरुळपीरची कौसर भेटली. दोघींनी मिळून सहली काढायला सुरुवात केली. पक्षी वैभवीकडे, तिकिटं, व्हिसा, जेवणखाण कौसरकडे. कौसर म्हणते, “काकू, पक्ष्यांमधली मले कोंबडी तेवढी समजते.” आधी मेळघाट, मग आसाम, आणि गेल्या श्रावणात थेट बोर्निओ. मलेशियाकडचं ते बेट, तिथलं बारा महिने हिरवं असलेलं जंगल. नदीकाठी मुक्कामाची जागा होती, तिच्या मालकीणबाईंनी कळवलं होतं: हा गट नीट सांभाळलास तर पूर्ण हंगाम आमच्याकडेच राहा, येणाऱ्या सगळ्या पाहुण्यांना तू रान दाखव.

जगभरचे लोक तिथं येणार, आणि त्यांना रान दाखवणार आमच्या वाशीमची पोरगी. मी त्याच दिवशी बालाजीपुढे हात जोडले. वैभवी तिथं रुजू होईपर्यंत गोड सोडलं. गटातल्या एका बाईचं येणं रद्द झालं आणि वैभवी म्हणाली, “आई, जागा रिकामी हाय. तू चाल.” मी कधी नागपूरच्या पुढे गेले नव्हते. पण नवस मी बोललेला, तो फेडायची वेळ आली तर जवळ असलेलं बरं, असं मनात आलं. भगर, साबुदाणा, शेंगदाण्याचं कूट आणि डबीतले देव घेऊन मी निघाले.

२

खांबांवर उभ्या लाकडी खोल्या, आणि खाली नदी, दूध जास्त झालेल्या चहासारखी. पहाट फुटताना तिथं गिबन माकडं गातात. एक मादी सूर लावते, तो चढत चढत जातो आणि वर पोचला की फुटतो. मी खिडकीतल्या फळीवर देव मांडून उदबत्ती लावायचे तेव्हा तो सूर चालू असायचा. मला तो काकड्यासारखाच वाटला.

जंगलात खाली चिखल आणि जळवा, म्हणून कमरेइतक्या उंचीवर फळ्यांची वाट केली होती, दोन्ही अंगांना कठडा. ती वाट वळत वळत एका झाडापाशी संपायची. त्या झाडाची मुळं जमिनीतून भिंतींसारखी वर आलेली, माझ्या डोक्यापेक्षा उंच. दोन मुळांच्या मध्ये आमचं देवघर मावलं असतं. खूप वर खोडात एक ढोली, आणि ढोलीत धनेशाची मादी.

वैभवीनं सगळ्यांना दुर्बिणीतून ती फट दाखवली. “ती आत बसली की दार लिंपून घेते. पिल्लं मोठी होईपर्यंत बाहेर येत नाही. तो बाहेरून खाऊ घालतो.”

“म्हणजे अनुष्ठानच म्हण,” मी म्हणाले.

“आणि काका बाहेरून फराळ आणून देतात,” कौसर म्हणाली. सगळे हसले.

जुमात मात्र हसला नाही. तो तिथला वाटाड्या, पन्नाशीचा माणूस, मुक्कामावर अगदी गप्पिष्ट. पण फळ्यांच्या वाटेवर पाय ठेवला की त्याचं तोंड मिटायचं. आम्हाला बोलवायचं असलं की तो हातातल्या काठीनं कठड्यावर वाजवायचा, टक टक. पक्षी उडू नयेत म्हणून असेल, मी समजले.

मग तो नर आला. पंखांचा आवाज आधी, कोणीतरी जाड सतरंजी झटकत येत असल्यासारखा, आणि मग डोक्यावर तांबडं शिंग घेतलेला तो एवढा मोठा पक्षी. आमच्या गटातले अकोल्याचे फुलचंदजी, कापडाचं दुकान मुलाच्या हवाली करून आलेले, त्यांच्या हातात कॅमेरा नव्हे तोफच होती. पण ते फोटो काढायचं विसरून तोंड उघडं टाकून पाहत राहिले. नर फटीतून एकेक फळ आत देत होता. वैभवी सांगत होती, सगळे ऐकत होते, आणि मी पक्ष्याकडे कमी आणि पोरीकडे जास्त पाहत होते. काय तिचं बोलणं, काय तिचा धीर! याच पोरीला वडील दहावीपर्यंत सायकलवरून शाळेत सोडायचे.

निघताना सगळे पुढे गेले. मी जरा मागे राहिले. पुडीतली हळदकुंकवाची चिमूट त्या मुळाला लावली. एवढं जुनं झाड, आणि त्याच्या पोटात लेकुरवाळी बसलेली. हात जोडून म्हणाले, “येतो बरं, माय.”

मागून कोणीतरी म्हणालं, “ये.”

मी पदर खोचला आणि चालू लागले.

मुक्कामावर आलो, बूट काढले, जळवा झटकल्या. चहा आला. मी खारं बिस्किट बिनसाखरेच्या चहात बुडवलं, आणि ते हातातच राहिलं. सगळे तर पुढे गेले होते. सगळ्यांत मागे मी होते.

मला ‘ये’ कोण म्हणालं?

बिस्किट विरघळून कपात पडलं.

३

मी घाबरट नाही. इतकी वर्षं उपासतापास केले ते भीतीनं नाही, आशेनं केले. म्हणून मी मनाला समजावलं. ‘ये’ म्हणजे काय, तोंड उघडलं की निघणारा आवाज. वासरूही काढेल, बेडूकही काढेल. वैभवीला सहज विचारलं, “इथं ‘ये’ असं बोलणारा पक्षी आहे का गं?”

तिनं डोळे बारीक केले. “वरून खाली की खालून वर?”

“आपण म्हणतो तसा.”

“तसा नाही कोणी,” ती म्हणाली. “ऐकू आला तर मले सांगजो.”

दुसऱ्या सकाळी मी झाडापाशी तोंड उघडलं नाही. नुसते हात जोडले. काही झालं नाही. परत फिरलो तेव्हा मी मुद्दाम कौसरच्या पाठीशी चालत होते, आणि माझ्या मागे फुलचंदजी. जिवाला हलकं वाटलं. आणि खरं सांगते, थोडं ओशाळंही वाटलं. कोणाच्या घरून न सांगता उठून आल्यासारखं.

अर्धी वाट झाली असेल. मागून, सावकाश, काही घाई नसल्यासारखं:

“येतो बरं, माय.”

कौसर पुढे पाहतच बोलली, “या काकू, या. पण मागं काय राहता, पुढं या ना.” आणि मला हात द्यायला म्हणून तिनं हात मागे केला, तो माझ्या पोटालाच लागला. ती वळली. “तुमी तर इथंच!”

“मी काही नाही बोलली.”

“बोलल्या ना आत्ता. मागून.”

आम्ही दोघींनी फुलचंदजींच्या खांद्यावरून पाहिलं. फळ्यांची वाट सरळ मागे गेलेली, ओली, रिकामी.

“काय झालं?” फुलचंदजी म्हणाले. “मले तर पुढून ऐकू आलं. बाईच बोलल्या, मी समजलो.”

कोणी काही म्हणायच्या आत पुढून काठीचा आवाज आला. टक टक. टक टक. जुमात थांबलेला नव्हता. चालता चालताच वाजवत होता, आणि पावलं उचलत होता.

मुक्कामावर कौसर माझ्याजवळ येऊन बसली. “काकू, जंगलात आवाज फिरतो. विहिरीत फिरतो तसा. काल तुमी बोलल्या, तो आज फिरून आला.” बोलता बोलता तिला स्वतःलाच हसू आलं. मग ती हसायची थांबली, आणि गळ्यातल्या ताविजाशी चाळा करत बसली.

४

पक्षी बोलवायची एक रीत आहे, ती मला तिथं समजली. वैभवीकडे साबणाच्या वडीएवढा एक स्पीकर आहे. ज्या पक्ष्याला पाहायचं त्याचाच आवाज त्यातून वाजवायचा. पक्ष्याला वाटतं आपल्यातलंच कोणी आलं, आणि तो झुडपातून बाहेर येतो.

त्या दुपारी तिनं नवरंग बोलवला. आपल्याकडे पावसाळ्यात येतो त्याचाच भाऊबंद, पण अंग हिरवं आणि डोकं काळं. स्पीकरमधून दोन शिट्ट्या निघाल्या. जरा वेळानं झुडपातून दोन शिट्ट्या आल्या. मग पानांवर टुणटुण उड्या मारत तो आला, आमच्यापासून हातभर लांब. मान वाकडी करून स्पीकरकडे पाहू लागला. पुन्हा शिट्टी घातली, थांबला, आणि वाट पाहत उभा राहिला. मला गलबलून आलं. त्याच्यासाठी कोणीच आलेलं नव्हतं.

“बस,” वैभवी म्हणाली आणि स्पीकर खिशात घातला.

फुलचंदजी कुजबुजले, “पोरी, एक डाव अजून वाजव ना. मी अकोल्याहून आलो, तो शेजारून येऊन राह्यला.”

“नाही काका. दोनदा वाजवायचं आणि बंद. जास्त वाजवलं तं तो घरटं सोडून आवाजामागंच फिरत राह्यते. मग पिल्लं मरतात.”

“मेले तर मेले नाही म्हणत मी, पण फोटो हालला...”

“नाही म्हणजे नाही.” आवाज चढवला नाही तिनं. फुलचंदजींनी पुन्हा कॅमेऱ्याला डोळा लावला. मी मनात म्हणाले, धन्य माझी कूस.

सगळे शांत होते. नवरंग अजून तिथंच उभा होता. आणि वाटेच्या डाव्या अंगाला, दाट पानांच्या आतून, माझा आवाज आला.

“वैभे, चहा थंडा होऊन राह्यला...” मग खोकला. “...ये माय लवकर.”

हे मी सकाळी म्हणाले होते. खोलीच्या दारातून. उदबत्तीचा धूर घशात गेला म्हणून मध्ये खोकले होते. खोकलाही तोच, तेवढाच.

मी वैभवीला खेटून उभी होते. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. माझे ओठ मिटलेले होते.

“वैभे, चहा थंडा होऊन राह्यला...” खोकला. “...ये माय लवकर.”

मग काही नाही.

“बाई,” फुलचंदजी कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाले, “थर्मास आणला का तुमी? मलेही द्या घोटभर.”

मुक्कामावर मी वैभवीला म्हणाले, “मैना असेल. मैना बोलते माणसासारखी.”

“पिंजऱ्यातली बोलते. रानातली मैना माणसाची नक्कल नाही करत, आई.”

“मग पिंजऱ्यातून सुटलेली असेल.”

“असन,” ती म्हणाली. मला बरं वाटावं म्हणून म्हणाली, हे मला समजलं. मग नदीकडे पाहत हळूच बोलली, “आई, तुह्या ध्यानात आलं का? दोनदा बोललं, आणि बंद झालं.”

माझ्या अंगावर काटा आला, पण तिच्या नाही. ती अशी दिसत होती जशी लहानपणी धरणावर नवं बदक उतरलं की दिसायची.

५

सोमवारी सकाळी मालकीणबाईंनी वैभवीला बोलावून सांगितलं, तू राहा. कौसरनं धावत येऊन मला मिठी मारली. “काकू, पोरगी मॅडम झाली!” वैभवी माझ्या पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ज्या पोरीला सगळे म्हणत होते की पक्ष्यांपायी वाया जाईल, तिच्यासाठी परदेशातल्या एका बाईनं खुर्ची पुढे केली होती. माझा नवस फळाला आला होता.

सोमवारचा उपास होता. मी देवांपुढे जपाला बसले. वैभवी म्हणाली, “धनेश आला का ते पाहून येतो, मग साऱ्यांले नेतो,” आणि दुर्बीण घेऊन एकटीच गेली. मी माळ ओढत होते. नमः शिवाय, नमः शिवाय. ऊन चांगलं वर आलं होतं. आणि मण्यावरच बोट थांबलं.

काल मी तिला खेटून उभी होते म्हणून ती फसली नाही. आज मी तिच्याजवळ नाही.

मी अनवाणीच उठले. फळ्यांच्या वाटेवर धावले नाही, धावता येत नाही माझ्यानं, पण चालले तेवढी चालले. शेवटच्या वळणाशी पोचले आणि ऐकलं.

“वैभे. ये माय.”

हे मी तिथं कधीच म्हणाले नव्हते. काल त्याच्यापाशी माझी बोललेली वाक्यंच होती. आज ते त्यांतले शब्द काढून स्वतः मांडत होतं.

“ओ! आलो आई!” वैभवीचा आवाज. आणि फळी करकरली.

वळणावरून मला ती दिसली. तिचा एक पाय कठड्याच्या पलीकडे होता. एक हात कठड्यावर, आणि तोंड त्या झाडाकडे.

मी हाक मारायला तोंड उघडलं. आणि हाक घशात राहिली. मी हाक मारली तर तिला दोन आया ऐकू येतील. एक समोरून, एक मागून. ती कोणाकडे जाईल? आणि मी जे ओरडेन तेही त्याच्यापाशी जमा होईल. आज ‘वैभे’ आणि ‘ये’ होतं. उद्या माझा आकांत त्याच्या हाती लागेल.

मी तोंड मिटलं. आयुष्यात इतके उपास केले, त्या वेळी गप्प उभं राहण्याइतका अवघड एकही नव्हता.

“ये,” ते म्हणालं. प्रेमानं म्हणालं. माझ्यापेक्षा प्रेमानं.

वैभवी हलली नाही. एक पाय इकडे, एक तिकडे, तशीच ती थांबली. तिनं हात कानामागे नेला. पक्षी ऐकताना नेते तसा. मान थोडी कललेली. किती वेळ गेला मला माहीत नाही. मग तिनं तो पाय उचलला, आणि कठड्याच्या आत घेतला.

तेव्हाच मला दिसलं. झाडाच्या दोन मुळांच्या मध्ये, सावलीत. सालीच्याच रंगाचं काहीतरी. ते काय होतं ते मी सांगू शकत नाही. त्याला चेहरा होता की नव्हता हेही नाही. ते उभं कसं होतं, तेवढंच सांगते. जरा पुढे वाकून, अंग अजिबात न हलवता, मान एका बाजूला कललेली. आम्ही पक्षी पाहायला उभे राहतो तसं. पक्षी जवळ आलेला असतो, अजून एक उडी मारेल असं वाटत असतं, आणि आपण श्वासही मोठ्यानं घेत नाही, तसं.

मी डोळे मिटले. उघडले तेव्हा तिथं मुळंच होती.

वैभवी वळली आणि तिला मी दिसले. तिनं ओठांवर बोट ठेवलं, माझा हात धरला. मुक्काम येईपर्यंत दोघींपैकी कोणीही बोललं नाही.

६

“तू बोलायच्या आधी श्वास घेतो,” पायरीवर बसल्यावर ती म्हणाली. “सारेच घेतात. पक्षीही घेतात. कानाले समजते ते. ते बोललं, पण त्यानं श्वास नाही घेतला.”

मी तिला पोटाशी धरलं. हजार माणसांत एकालाही हे समजलं नसतं. समजलं असतं तरी तेव्हा, त्या क्षणी, आईनं हाक मारलेली असताना नसतं समजलं.

“चल घरी,” मी म्हणाले.

“काहून? मले समजलं ना.”

“वैभे!”

“आई, मी कठड्याच्या बाहेर पाय नाही टाकणार. बालाजीची शपथ. पण मी इथंच राहीन.” ती हसली. “जुमातभाऊ इतके वर्षं राह्यले ना इथं?”

जुमात खाली होडीत दोरी गुंडाळत होता. त्यानं आमच्याकडे पाहिलं, आणि काठीनं होडीच्या कडेला हलकेच दोनदा वाजवलं.

मी तिला ओढून आणू शकले असते. मी रडले असते तर ती आली असती, हे मला ठाऊक आहे. पण ज्या कानानं तिला वाचवलं, तोच कान वाशीमला आणून मी कुकरच्या शिट्ट्या ऐकायला बसवला असता. ते माझ्यानं झालं नाही. मी तिला ठेवून आले. होडी सुटताना मी नुसते हात जोडले. येतो म्हणाले नाही, जातो म्हणाले नाही. काठावरून कौसरला आणि मला ती हात हलवत होती, नव्या कामाचा बिल्ला छातीवर. माझी मान ताठ होती. पाहणाऱ्याला वाटलं असेल, केवढी मानी बाई.

घरी आल्यावर मी नेम केला: वैभवीशी फोनवर बोलायचं नाही. हे बोलतात, मी शेजारी तोंड मिटून बसते आणि मग लिहून पाठवते. तिच्या फोनमधून माझा एकही नवा शब्द त्या रानात सांडू नये. हे म्हणाले, “आता हे कोणतं व्रत काढलं?” मी म्हणाले, पोरीसाठी आहे. मग त्यांनी विचारलं नाही.

भाद्रपदात तिचा मेसेज आला. ‘आई, आज तू हाक मारली. मी गेली नाही.’ मी तो देवापुढे ठेवला. मग पुन्हा आला, पुन्हा आला. दर वेळी शेवटी तेच: मी गेली नाही. अभिमान काय असतो ते मला तेव्हा समजलं. माझ्या आवाजानं हाक येते, आणि माझी लेक जागची हलत नाही!

मग एका सकाळी आला: ‘आई, आज तू वेगळंच बोलली. दूध उतू चाललं ना बाप्पा, म्हणे.’

मी तो मेसेज गॅसपाशी उभी राहून वाचला. ओट्यावर सांडलेलं दूध मी अजून पुसत होते. घरात तेव्हा दुसरं कोणी नव्हतं. मी बोलले तेव्हा फोनही आतल्या खोलीत, बंद करून चार्जिंगला लावलेला होता; तो मी नंतर आणून सुरू केला.

त्या दिवसापासून मी कोणाशीच बोलत नाही. हेमला म्हणते, बाईंनी मौन धरलं, मोठी साधना आहे. येणारेजाणारे पाया पडतात, त्यांना मी मानेनंच आशीर्वाद देते. उंबऱ्यावरून हे ‘येतो’ म्हणतात आणि मी हात वर करते. सांगायचं म्हणूनच हे लिहिलं. लिहिताना आवाज होत नाही.

आणि गुण आला. तिकडचं बोलणं थांबलं. वैभवीचे मेसेज येतात ते पक्ष्यांचे. धनेशाच्या मादीनं दार फोडलं, पिल्लू बाहेर आलं. जपानचे पाहुणे आले, त्यांनी तिला वाकून नमस्कार केला. तिचं नाव आता तिथल्या फलकावर लिहिलं आहे, फोटोसकट.

काल संध्याकाळी आला तो असा: ‘आई, आज बऱ्याच दिवसांनी. बोललं काही नाही. नुसता श्वास घेतला, बोलायच्या आधी तू घेतो तसा. अगदी तुह्यासारखा. मी कठड्याले हात लावून उभी राह्यली. हलली नाही. मग मी माह्या कामाले लागली.’

मी फोन यांच्या हातात दिला. यांनी चष्मा लावून सावकाश वाचला आणि म्हणाले, “वाघीण आहे पोरगी.”

माझा ऊर भरून आला. हो, आहेच, असं म्हणायला मी श्वास घेतला, आणि तसाच धरून ठेवला.